सिंदखेडराजाच्या लेकीचे जहाज

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्याहून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या जिल्ह्याच्या लेकीचे नाव एका जहाजाने समुद्रावर मिरवले. १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांच्या घरी जन्मलेल्या जिजाऊंचे नाव भारतीय तटरक्षक दलाने आपल्या एका गस्ती नौकेला दिले. १९८४ साली सेवेत आलेली ही ‘जिजाबाई’ तिच्या वर्गातली पहिली नौका होती, म्हणून पुढच्या सगळ्या भावंडांचा वर्गही ‘जिजाबाई वर्ग’ म्हणूनच ओळखला गेला. चांद बीबी, कित्तूर चन्नम्मा, राणी जिंदन, हब्बा खातून, रमादेवी आणि अव्वैयार ही त्या वर्गातल्या इतर नौकांची नावे. सगळी नावे कर्तबगार स्त्रियांची.

हे जहाज बुलढाण्यातल्या मुलांनी पाहायचे कसे? त्याचा एक खात्रीचा मार्ग आहे: ते मापात बांधायचे आणि अचूक रंगवायचे. प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याच्या या कलेची ओळख करून देण्यासाठी ‘जिजाबाई’सारखे दुसरे उदाहरण नाही.

आधी तटरक्षक दलाविषयी थोडे. सागरी तस्करी वाढत चालली होती, मासेमारीच्या आणि खनिज तेलाच्या क्षेत्रांवर लक्ष ठेवायला स्वतंत्र यंत्रणा नव्हती. के. एफ. रुस्तमजी समितीने अशा दलाची शिफारस केली. १ फेब्रुवारी १९७७ रोजी दल हंगामी स्वरूपात सुरू झाले आणि १९७८ च्या कायद्याने त्याला कायमचे रूप मिळाले. सुरुवातीला नौदलाकडून आलेल्या अवघ्या ७ नौका होत्या. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली ‘विक्रम’ डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि पाठोपाठ ‘जिजाबाई’. म्हणजे हे जहाज दलाच्या बाळपणातले आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आज मुंबईसह डहाणू, मुरुड-जंजिरा आणि रत्नागिरी येथे दलाची ठाणी आहेत.

अशा छोट्या गस्ती नौका काय करू शकतात, हे १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये जगाने पाहिले. चाच्यांनी पळवलेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे ॲल्युमिनियमने भरलेले मालवाहू जहाज भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत सापडले, तेव्हा त्याचा पाठलाग प्रथम तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने केला. नंतर नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली आणि चाचे पकडले गेले.

आता कारागिरीकडे वळू. पहिला निर्णय प्रमाणाचा. ‘जिजाबाई’ सुमारे ४४ मीटर लांब आणि साधारण ७.४ मीटर रुंद. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या जहाजसंचांत १:७०० हे प्रमाण फार चालते, पण त्या मापात ही नौका जेमतेम ६ सेंटिमीटरची होईल आणि तिच्यावरचे कठडे केसासारखे दिसतील. १:१०० मध्ये ती ४४ सेंटिमीटरची होते, टेबलावर शोभेल अशी. १:५० मध्ये ८८ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटरला थोडी कमी रुंद. शिकणाऱ्याने १:५० घ्यावे, कारण हाताला जागा मिळते आणि चूक डोळ्यांना दिसते. या मापात १ मीटर उंचीचा कठडा २ सेंटिमीटरचा आणि डेकवरचा नाविक साधारण साडेतीन सेंटिमीटरचा.

प्रमाण ठरले की गणित सुरू होते, आणि ते मुलांना फार आवडते. लांबी ५० पटींनी कमी झाली, तर वजन ५० पटींनी कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही कमी होतात, म्हणून ते ५० गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे सव्वा लाख पटींनी घटते. ‘जिजाबाई’चे वजन सुमारे १८१ टन धरले, तर प्रतिकृतीचे भरते जेमतेम दीड किलो. पाण्यावर चालणारी प्रतिकृती करायची असेल, तर लाकूड, मोटर, बॅटरी आणि रंग सगळे मिळून या दीड किलोत बसवावे लागते. जास्त झाले तर पाणरेषा बुडते, आणि वजन वर चढले तर नौका कलंडते. वेगाचा नियम आणखी वेगळा. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात छोट्या प्रतिकृती हौदात ओढून सिद्ध केले, की वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने घटवला तरच लाटा खऱ्या जहाजासारख्या उठतात. ५० चे वर्गमूळ सुमारे ७. ताशी २५ सागरी मैल धावणाऱ्या नौकेची प्रतिकृती ताशी साडेतीन सागरी मैलांनी, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेली, की तिच्या नाळेशी उठणारी लाट खऱ्यासारखी दिसते.

आराखडा हा या कामाचा पाया आहे. जहाजाचे रेखाटन तीन बाजूंनी करतात: बाजूने दिसणारे, वरून दिसणारे आणि ठरावीक अंतरावर आडवे कापले तर दिसतील ते छेद. छेद प्लायवुडवर उतरवून फ्रेटसॉने, म्हणजे बारीक पात्याच्या करवतीने, कापायचे, मधल्या कण्यावर ओळीने उभे करायचे, आणि त्या फासळ्यांवर बाल्साच्या बारीक पट्ट्या चिकटवत जायचे. सांगाडा वाकडा बसला तर पुढे कितीही लांबी (पुट्टी) भरा, जहाज सरळ होत नाही. पूर्ण आराखडा मिळाला नाही, तर बाजूने काढलेले चांगले छायाचित्र कामाला येते. ४४ मीटरचे जहाज छायाचित्रात २२ सेंटिमीटर दिसत असेल, तर फोटोतला १ मिलिमीटर म्हणजे जहाजावरचे २० सेंटिमीटर. पट्टी घेऊन बसले, की दारे, खिडक्या, डोलकाठी, तोफ सगळ्यांची मापे निघतात.

बाल्सा बाहेरून मागवावा लागतो. पण तो आपल्याकडच्या काटेसावरीच्याच कुळातला आहे, आणि काटेसावरीचे लाकूडही मऊ नि हलके असते. सरावासाठी ते उत्तम. बैठकीला सागवान घ्यावे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या जिल्ह्यात सागवानाची ओळख कुणाला करून द्यायला नको.

आणि आता रंग. इथे बहुतेक प्रतिकृती फसतात. नौदलाचे जहाज राखाडी असते, कारण त्याला क्षितिजात मिसळून जायचे असते. तटरक्षक दलाचे जहाज पांढरे असते, कारण त्याला दुरून ओळखले जायचे असते. संकटात सापडलेल्या कोळ्याला ते दिसावे आणि तस्करालाही ते दिसावे. तटरक्षक जहाजांच्या अंगावरच्या तिरक्या पट्ट्याचा उगम अमेरिकेत आहे. तिथल्या तटरक्षक दलाने रेमंड लोवी यांच्या संस्थेकडून आपली ओळख आखून घेतली आणि १९६७ मध्ये ६४ अंशांत कललेला पट्टा स्वीकारला. पुढे अनेक देशांच्या तटरक्षक दलांनी आपापल्या रंगांत तसाच पट्टा घेतला, भारतानेही. रंग हा इथे गणवेश आहे. चुकीचा पांढरा किंवा चुकीच्या कोनातला पट्टा म्हणजे गणवेशाचे बटण चुकीच्या काजात.

पांढरा हा सर्वांत अवघड रंग. डबीतला शुभ्र पांढरा थेट लावला, तर छोटी प्रतिकृती प्लास्टिकच्या खेळण्यासारखी चमकते. खरे जहाज आपण दुरून पाहतो, मधल्या हवेने त्याचा रंग किंचित मवाळ झालेला असतो. म्हणून पांढऱ्यात राखाडीचा थेंब टाकायचा आणि चकाकी मध्यम ठेवायची. जाडीचाही हिशेब ठेवावा लागतो: १:५० मध्ये रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा भाग जाड झाला, तर तो जहाजावर ५ मिलिमीटरचा ठरतो आणि बारीक कोरीवकाम बुजते. म्हणून लांबी भरून, पाणी लावून पॉलिश पेपर घासायचा, अस्तर मारायचे, पुन्हा घासायचे, आणि एअरब्रशने पांढऱ्याचे पातळ हात एकावर एक द्यायचे. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. घाईने दिलेला जाड हात ओघळतो, आणि पांढऱ्यावरचा ओघळ लपत नाही.

मग पाणरेषा. प्रतिकृती सपाट फळीवर समतल बसवायची, ठरावीक उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल बांधायची आणि ठोकळा जहाजाभोवती सरकवायचा. जहाजाच्या अंगाच्या वक्रतेवर डोळ्याच्या अंदाजाने अशी सरळ रेघ येत नाही. तिच्याखाली शेवाळ आणि कालवे चिकटू नयेत म्हणून लावतात तो तांबडा रंग, आणि मधे काळी पट्टी.

सर्वांत जास्त कस लागतो तिरक्या पट्ट्याला. जहाजाच्या पुढच्या बाजू वर जाताना बाहेर पसरतात. अशा पृष्ठावर मास्किंग टेप सरळ चिकटवली, की बाजूने पाहताना पट्टा वाकलेला दिसतो. उपाय असा: बाजूच्या रेखाटनात पट्ट्याच्या दोन्ही कडांवर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदूचे नाळेपासूनचे अंतर आणि पाणरेषेपासूनची उंची मोजायची, गुण्याच्या साहाय्याने ते बिंदू प्रतिकृतीवर उतरवायचे आणि मगच टेप त्यांच्यावरून वळवत न्यायची. दोन्ही बाजूंनी ताडून पाहिल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नये. आणखी एक नियम: जहाज कोणत्या वर्षातले, हे आधी ठरवावे. डागडुजीनंतर तोफा, अँटेना, अक्षरे बदलतात. १९८४ ची ‘जिजाबाई’ आणि वीस वर्षांनंतरची ‘जिजाबाई’ एकाच प्रतिकृतीत मिसळली, तर ते जहाज कधीच अस्तित्वात नव्हते असे होते.

समुद्रापासून दूरच्या माणसांनी जहाज अचूक रंगवावे, ही गोष्ट या डोंगररांगेला नवी नाही. शेजारच्याच अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज चितारलेले आहे. त्या चित्राच्या आधाराने नौदलाने ‘कौंडिण्य’ हे शिवणीचे जहाज उभारले. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी ते गोव्यात बांधले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. त्याचा एकही जुना आराखडा उपलब्ध नव्हता. म्हणून आधी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृती पाण्यात तपासली गेली. चित्रावरून आराखडा, आराखड्यावरून प्रतिकृती, प्रतिकृतीवरून जहाज, हाच तो क्रम.

विद्यार्थ्यांनाही प्रतिकृतीची ही वाट खुली आहे: एनसीसीचा नौदल विभाग १९५२ पासून आहे आणि जहाजांच्या प्रतिकृती करणे हा त्याच्या शिक्षणाचा आणि नौसैनिक शिबिरांतल्या स्पर्धांचा भाग आहे. समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरातही नौदल तुकडी आहे. मग बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूर, मेहकर, चिखलीच्या शाळांनी मागे का राहावे? भूमितीचा कोन, घनफळाचा घन, तरंगण्याचा नियम, चित्रकलेचा रंग आणि इतिहासाचे नाव, हे सगळे एकाच टेबलावर शिकवणारा दुसरा प्रकल्प सापडणे कठीण. तटरक्षक दलाची नाविक आणि यांत्रिक पदांची भरती साऱ्या देशातल्या तरुणांसाठी असते. ज्याने जहाज हाताने बांधले आहे, तो त्या वाटेने अधिक समजून जाईल. शिक्षकांनो, येत्या सुट्टीत एक प्लायवुडचा तुकडा, एक फ्रेटसॉ आणि बाजूने काढलेले एक स्वच्छ छायाचित्र एवढे जमवा, चार मुले बसवा आणि पहिली फासळी कापायला घ्या.