जुळ्यांचा पहिला श्वास: अर्धशतकाचा मागोवा

जुळं असलं की दिवस भरण्याआधीच कळा येण्याची शक्यता वाढते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात. फुप्फुसांतले हवेचे कप्पे उघडे ठेवणारा द्राव तोवर अनेकदा पुरेसा झालेला नसतो. मग बाळ धापा टाकतं आणि ‘काचेत ठेवलंय’ असा निरोप घरी जातो.

यावरचा उपाय न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवरच्या प्रयोगात सापडला. प्रसूती कशाने सुरू होते, हे ग्रॅहम लिगिन्स शोधत होते. गर्भात असताना स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू फार लवकर जन्मलं, तरी श्वास घेत राहिलं. पुढे रॉस हॉवींसोबत ऑकलंडमध्ये २८२ मातांवर केलेली स्टेरॉइड इंजेक्शनाची चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तरी हे इंजेक्शन रूढ व्हायला १९९४ ची अमेरिकी तज्ज्ञ परिषद व्हावी लागली.

भारतात २०१४ मध्ये केंद्राने एएनएम ताईंनाही (आरोग्यसेविकांनाही) डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा पहिला डोस देण्याची मुभा दिली. त्याच सुमारास नागपूर आणि बेळगाव परिसराचा समावेश असलेल्या सहा देशांच्या चाचणीचा निकाल आला, तो धक्कादायक होता. गावपातळीवर इंजेक्शन पोहोचलं, पण नवजात मृत्यू घटले नाहीत. एकूण बाळांत ते हजारी साडेतीनने वाढले, आईचे जंतुसंसर्गही वाढले. पाळीची तारीख ठाऊक नसेल तिथे पोटाची उंची टेपने मोजून महिने ठरवले जात. जुळ्यात पोट मुळातच मोठं, म्हणजे हा अंदाज आणखी फसवा.

बेळगावचा सहभाग असलेल्या २०२० च्या चाचणीत सोनोग्राफीने आठवडे ठरवले आणि सुसज्ज रुग्णालयंच निवडली. २८५२ माता, ३०७० बाळं. नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच होतं.

जुळ्यांपुरता स्वतंत्र पुरावा आजही तोकडा आहे. ‘लवकर होणारच, देऊन ठेवू’ हा मोहही महागात पडतो: २००२ च्या हजारावर जुळ्या बाळांच्या अभ्यासात दर पंधरवड्याच्या डोसांनी श्वासाचा त्रास घटला नाही, वजन मात्र घटलं. जागतिक आरोग्य संघटना जुळ्यांनाही हे इंजेक्शन सुचवते, पण आठवडे नक्की असतील, प्रसूती सात दिवसांत अपेक्षित असेल आणि बाळाला सांभाळण्याची सोय असेल तरच.

म्हणून रायपूरजवळच्या सिलतऱ्यासारख्या कारखानी वस्तीतही जुळ्याची तयारी पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीपासून व्हायला हवी, आणि नवजात अतिदक्षता कक्ष असलेलं रुग्णालय कळांच्या आधी ठरायला हवं.