जाळ्यावरील साठ्यातून सर्व्हर सुरू करणे : चिपळूणच्या निमित्ताने

सह्याद्रीवरून उतरणारा पाऊस आणि दाभोळ खाडीची भरती यांची गाठ पडली म्हणजे वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरते, हे तेथील रहिवाशांस नवीन नाही. २६ जुलै २००५ रोजी असे घडले, आणि २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा घडले. या दुसऱ्या वेळी बाजारपेठेतील तळमजले पार बुडाले. १८६४ साली स्थापन झालेल्या आणि आज लोकमान्य टिळकांचे नाव धारण करणाऱ्या तेथील वाचनमंदिराच्या ग्रंथांनाही दोन्ही पुरांची झळ पोहोचली. कागदाची जी गत तीच संगणकातील डिस्कची. भिजलेले यंत्र टाकून नवे आणता येते. डिस्कवरील नोंदी बाजारात मिळत नाहीत. तेव्हा डिस्क यंत्राच्या पोटातच असली पाहिजे काय, हा प्रश्न अशा गावी केवळ तांत्रिक राहत नाही.

सर्व्हरच वरच्या मजल्यावर का ठेवू नये, अशी शंका येथे कोणी घेईल. ती रास्त आहे, आणि शक्य असेल तेथे तसेच करावे. परंतु साठा यंत्रापासून वेगळा केल्याने आणखी एक गोष्ट साधते : एक यंत्र निकामी झाले तरी दुसरे यंत्र त्याच साठ्यास जोडून काम पुढे चालविता येते. याकरिता सर्व्हरची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हीदेखील जाळ्यावरील साठ्यातच बसवावी लागते.

यात अडचण अशी की, जाळ्याशी बोलण्याची विद्या कार्यप्रणालीजवळ असते, आणि ती कार्यप्रणाली तर जाळ्यापलीकडे असते. हा पेच यंत्रातील फर्मवेअर सोडविते. ते प्रथम डीएचसीपी या पद्धतीने स्वतःचा पत्ता मिळविते अथवा आधी नोंदवून ठेवलेला पत्ता घेते. नंतर आयस्कझी या नियमावलीनुसार साठ्याच्या ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन आपली ओळख देते आणि तेथील डिस्क जणू आपल्याच पेटीत आहे अशा रीतीने वाचू लागते. ही नियमावली एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. डिस्कला नेहमी ज्या आज्ञा तारेवरून दिल्या जातात, त्याच साध्या इथरनेटवरून पाठवावयाच्या, एवढाच तिचा मथितार्थ होय.

खरी मेख पुढे आहे. कर्नेलने सूत्रे हाती घेतली की फर्मवेअरचे काम संपते. साठ्याशी जोडणी आता कर्नेलला नव्याने करावी लागते, आणि तीही मूळ फाइल-व्यवस्था हाती येण्यापूर्वी. फर्मवेअर जाता जाता साठ्याचा पत्ता व नाव स्मृतीतील एका तक्त्यात ठेवून जाते. तो तक्ता वाचणारी साधने आणि नेटवर्क-कार्डाचा ड्रायव्हर आरंभी स्मृतीत उतरणाऱ्या छोट्या प्रतिमेत, लिनक्समध्ये जिला इनिट्रॅमएफएस म्हणतात तिच्यात, असावयास हवीत. प्रणाली बसवितानाच आयस्कझी डिस्क जोडून घेतली तर हे बहुधा आपोआप होते. आतल्या डिस्कवर बसवून मागाहून नक्कल उचलणारास मात्र येथेच अडखळावे लागते.

पुराच्या दृष्टीने या प्रतिमेत आणखी एक खोच आहे. काही लिनक्स वितरणांत ती केवळ चालू यंत्रापुरती तयार होते, म्हणजे त्या यंत्राच्या कार्डाचाच ड्रायव्हर तीत भरला जातो. मग पुरात यंत्र गेले आणि दुसऱ्या बनावटीचे कार्ड असलेले यंत्र आणून लावले, तर साठा सुखरूप असूनही सर्व्हर उठत नाही. ज्या सोयीसाठी हा सारा खटाटोप केला, तीच ऐन वेळी दगा देते. यास्तव प्रतिमा सर्वसामान्य, सर्व ड्रायव्हरांसह, करून ठेवावी. साठ्याच्या बाजूस कोणत्या यंत्रास प्रवेश आहे हे बहुधा त्या यंत्राच्या आयक्यूएन नावावरून ठरते. ते नाव आणि परवलीचा शब्द कागदावर लिहून गावाबाहेर ठेवणे उत्तम. मात्र जुने यंत्र खरोखर बंद आहे, याची खात्री करूनच नवे जोडावे. नेहमीच्या फाइल-व्यवस्थेवर दोन यंत्रे एकाच वेळी लिहू लागली, तर पुराने जे केले नसते ते तीच करून ठेवतात.

जाळे क्षणभर तुटले तर काय, हेही पाहिले पाहिजे. लिनक्सवरील प्रचलित साधन तुटलेल्या जोडणीची मुळात १२० सेकंद वाट पाहते. त्यानंतर लेखनात दोष दाखविला जातो आणि फाइल-व्यवस्था पुष्कळदा केवळ वाचनापुरती उरते. मूळ डिस्कच जाळ्यावर असेल तेव्हा ही मुदत पुष्कळ वाढवितात. साठ्याचे जाळे इतर वाहतुकीपासून वेगळे ठेवावे. कारण आयस्कझीतील चॅप ही पद्धत ओळख पटविते, मजकूर झाकीत नाही.

वरच्या मजल्यावरील साठा म्हणजे दुसरी प्रत नव्हे. वीज गेली की तोही थांबतो, आणि चुकून पुसलेली नोंद तो परत देत नाही. प्रत पूररेषेबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावी, असावी. आणि दुसऱ्या यंत्रावरून सर्व्हर उठवून पाहण्याची तालीम मे महिन्यातच, पाऊस लागण्यापूर्वी, उरकून घ्यावी.