अनुदान आणि शिक्षण

कलासंस्थेस अनुदान मिळते ते केवळ पुण्याईवर नव्हे. ग्वाल्हेरीत १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघाले, त्यास माधवराव महाराजांचा आश्रय होता. तरी राजाभैय्या पूछवाले प्रभृती गवयांस आधी मुंबईस पं. भातखंडे यांजकडे त्यांची शिक्षणपद्धती शिकण्यास धाडण्यात आले. द्रव्य आणि शिक्षण जोडीने चालले.

आज केंद्रीय संस्कृती मंत्रालय व दिल्लीची संगीत नाटक अकादमी नोंदणीकृत संस्थांस साहाय्य देतात. परंतु नोंदणीपत्र, नीती आयोगाचा ‘दर्पण’ क्रमांक, मागील वर्षांचे तपासलेले हिशेब व कार्याचा अहवाल तयार लागतो. हे कागद वडीलधाऱ्यांच्या ट्रंकेतच राहिले तर दारी आलेली संधी परत जाते. म्हणून दोन-चार तरुण सभासदांनी हे काम आमच्याकडून आताच शिकून घ्यावे, ही विनंती.