पाइप किती इंची घ्यावा?

श्रोतेहो, पंचगंगेकाठचा एखादा शेतकरी मोटर बसवून नदीचे पाणी उसाला न्यायचे ठरवतो, तेव्हा पाइप किती जाड घ्यावा हा प्रश्न पडतोच. बारीक पाइप स्वस्त. पण तेवढेच पाणी निम्म्या व्यासातून न्यायचे म्हटले, तर घर्षणात वाया जाणारी शक्ती सुमारे ३२ पट होते. मोठा घ्यावा, तर कर्ज डोक्यावर बसते. मग करायचं काय?

हिशेबापुरते धरू या. पाइपाचा वर्षाचा खर्च दर इंचाला ३००० रुपये, आणि ६ इंची पाइपात घर्षणापायी जाणारी वीज ६००० रुपयांची. दोन्ही मिळून खर्च ४ इंचीला सुमारे ५७,५६०, ६ इंचीला २४,०००, ८ इंचीला २५,४२० आणि १२ इंचीला ३६,१९० रुपये. व्यासाप्रमाणे खर्च बदलतो, म्हणून गणितात खर्चाला व्यासाचे 'फल' म्हणतात. त्याचा आलेख दरीसारखा दिसतो. आपल्याला हवा तिचा तळ.

संगणक तो कसा शोधतो, बघा. त्याला आधी कुंपण घालून द्यायचे: ४ ते १२ इंच. आत तो ७.०६ आणि ८.९४ अशा दोन जागी खर्च काढतो. ७.०६ ला खर्च कमी येतो. म्हणजे तळ ८.९४ च्या पलीकडे नाही. तेवढा तुकडा सोडून द्यायचा आणि उरलेल्यात पुन्हा तेच. दर खेपेला कुंपण ०.६१८ पट उरते, आणि जुना एक बिंदू पुन्हा कामी येतो. दहा खेपांत ते ०.०७ इंचाच्या आत येते. ही सुवर्ण छेदाची रीत कीफर यांनी १९५३ मध्ये मांडली. ऑक्टेव्ह या मोफत मिळणाऱ्या प्रणालीतली 'एफ-मिन-बाउंड' ही आज्ञा याच रीतीला परवलयाची जोड देऊन काम उरकते. उत्तर येते ६.५३ इंच, खर्च २३,५२० रुपये.

पण मंडळी, यंत्रावर डोळे मिटून विसंबू नका. आलेखात दोन दऱ्या असल्या, तर ते उथळ दरीतही थांबू शकते आणि तसे सांगणारही नाही. म्हणून गुरुजी, आधी मुलांकडून फळ्यावर असा तक्ता करून घ्या.

आणि बाजारात ६.५३ इंची पाइप मागून मिळायचा नाही! ६ इंची घेतला, तर वर्षाला ४८० रुपयेच जास्त. ४ इंची घेतला, तर खर्च दुपटीच्या वर. दरीचा तळ सपाट असतो, पण बारीक पाइपाकडचा कडा उभा. शंका असेल तेव्हा त्या कड्यापासून दूर राहावे.