शल्यविशारदाची योग्या : हाताची आणि वाणीची

१

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाने ओळखला जातो. योग्या म्हणजे प्रत्यक्ष कर्मापूर्वी करावयाचा सराव. शिष्याने शास्त्र पुरते पढले असले तरी गुरूने त्याच्याकडून योग्या करवून घ्यावी. तिच्यावाचून बहुश्रुत मनुष्यही कर्मास अयोग्यच राहतो, असा त्या अध्यायाचा आशय आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर, भेदनाचा पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर, लेखनाचा केसांसह ताणलेल्या चामड्यावर, वेधनाचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, सीवनाचा जाड वस्त्राच्या व मऊ चामड्याच्या कडांवर करावयाचा. पट्टबंधनासाठी मात्र पुरुषाची आकृतीच करून घ्यावयाची.

ही यादी वरवर साधी वाटते. परंतु तिच्यामागे एक निश्चित तत्त्व आहे. कमळाचा देठ शिरेसारखा दिसतो म्हणून निवडलेला नाही. सुई आत शिरताना हाताला जो विरोध जाणवावयास हवा, त्याच्या जवळपासचा विरोध तो देतो म्हणून त्याची निवड झाली आहे. दृश्य साम्यापेक्षा स्पर्शाचे साम्य येथे महत्त्वाचे मानले गेले. आज शल्यशिक्षणात 'आभासी वास्तव' या नावाने जे अनुकारयंत्र, म्हणजे सिम्युलेटर, वापरात आले आहे, त्याचा विचार या तत्त्वापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

२

अर्वाचीन शल्यशिक्षणाची घडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी बसविली. शिकाऊ डॉक्टराने रुग्णालयातच राहावे, वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून पाहावे, मग हाताखाली करावे व अखेर स्वतंत्रपणे करावे, ही ती पद्धती. मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयांतही मूलतः तीच चालत आली. तिच्यात एक अडचण अंगभूत आहे. प्रत्येक शल्यविशारदाचा कोणी तरी पहिला रुग्ण असतोच, आणि त्या रुग्णाला बहुधा ते ठाऊक नसते.

दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियेने ही अडचण अधिक तीव्र केली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. या पद्धतीत डोळे पडद्याकडे आणि हात अन्यत्र असतात. पोटाच्या भिंतीतील छिद्र टेकूचे काम करीत असल्यामुळे हात उजवीकडे नेला की उपकरणाचे टोक डावीकडे जाते. शेजारी उभे राहून पाहिल्याने ही उलट गती अंगवळणी पडत नाही. ती स्वतःच्याच हाताला शिकावी लागते.

याच सुमारास संगणकाने निर्मिलेल्या आभासी उदरावर सराव करविण्याची कल्पना अमेरिकन शल्यविशारद रिचर्ड सॅटाव्हा यांनी १९९३ साली मांडली. तिची कसोटी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठातील प्रयोगाने घेतली. १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना नेहमीचे शिक्षण देण्यात आले. उरलेल्यांना त्याशिवाय आभासी यंत्रावरही शिकविण्यात आले. नंतर प्रत्यक्ष रुग्णावरील पित्ताशयाचे विमोचन तपासले, तेव्हा यंत्रावर शिकलेल्यांनी ते २९ टक्के अधिक वेगाने केले, आणि त्यांच्या चुका सरासरीने सुमारे एक षष्ठांश होत्या. या प्रयोगातील खरा बोध आकड्यांपलीकडचा आहे. सराव किती तास झाला हे तेथे मोजले नव्हते. निष्णात शल्यविशारदाची पातळी गाठेपर्यंत सराव चालू ठेवावा, असा दंडक होता. कालावधीऐवजी कसोटी, हा शल्यशिक्षणातील मोठा पालट होय.

३

मुंबईशी निकटचा संबंध असलेले उदाहरण नेत्रशल्याचे आहे. अल् उल्ट्शी या अमेरिकन वैमानिकाने १९५१ साली 'फ्लाइटसेफ्टी' ही वैमानिकांना अनुकारयंत्रावर शिकविणारी कंपनी स्थापन केली. उतारवयात, २०१० साली, त्यांनी आपले पुत्र जिम यांच्यासह 'हेल्पमीसी' ही संस्था काढली. वैमानिक जसा भूमीवरच विमान चालविण्यास शिकतो, तसे मोतीबिंदूचे शल्यकर्म रुग्णावाचून शिकविता येईल, ही त्यांची धारणा. या संस्थेचे शिक्षणकेंद्र मुंबईतही आहे.

या यंत्रावर जे कर्म शिकविले जाते ते लहान छेदाचे, टाके न घालता करावयाचे मोतीबिंदूचे शल्यकर्म होय. महागड्या यंत्रसामग्रीवाचून ते होत असल्याने भारतातील शिबिरांतून व धर्मादाय रुग्णालयांतून ते मोठ्या प्रमाणावर केले जाते. डोळ्याच्या पांढऱ्या पटलात बोगदा कोरावयाचा, भिंगाच्या पुढील आवरणात गोल छेद घ्यावयाचा, कठीण झालेला गाभा बोगद्यातून बाहेर काढावयाचा आणि कृत्रिम भिंग बसवावयाचे. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाच्या दोन नेत्रिकांतून पाहतो; दोन्ही हातांतील दांड्या विद्युत्-चलित बाहूंना जोडलेल्या असतात. पात्याचे टोक आभासी पटलाला लागताच बाहू हाताला उलट दाब देतात. चित्र सेकंदाला तीसेक वेळा पालटले तरी डोळ्यास ते अखंड भासते. स्पर्शाचा भास अखंड राहावयाचा तर उलट दाबाची गणना सेकंदाला सुमारे हजार वेळा व्हावी लागते. कमळाच्या देठाने जे काम केले तेच येथे गणिताने करावयाचे आहे.

यंत्राचा विशेष लाभ पुनरावृत्तीत आहे. भिंगाचे मागील आवरण फाटून नेत्रद्रव पुढे येणे हा या कर्मातील गंभीर प्रसंग. शिकाऊ डॉक्टराच्या वाट्याला तो केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि आला की बहुधा वरिष्ठ उपकरण आपल्या हाती घेतात; म्हणजे ज्याला शिकावयाचे तो त्याच क्षणी बाजूला होतो. यंत्रावर तोच प्रसंग एका सकाळी दहा वेळा उत्पन्न करता येतो. भारतातील नवशिक्या नेत्रशल्यविशारदांवर केलेला यादृच्छिक निवडीचा एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातही यंत्रावर शिकलेल्यांच्या हातून प्रारंभीच्या शस्त्रक्रियांत कमी चुका घडल्याचे दिसले.

तथापि यंत्रातील डोळा ऐकत नाही. हे शल्यकर्म बहुधा केवळ डोळ्याभोवती भूल देऊन होते. रुग्ण जागा असतो. "आजोबा, मान हलवू नका, आता थोडा दाब वाटेल," हे वाक्य योग्य क्षणी, योग्य स्वरात उच्चारणे हा कर्माचाच भाग आहे. हाताची योग्या येथे संपते आणि वाणीची सुरू होते.

४

वाणीच्या योग्येची गरज विमानविद्येने मोठी किंमत देऊन ओळखली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. दुसरे विमान धावपट्टीवरून अजून दूर झालेले नाही की काय, अशी शंका एका विमानातील अभियंत्याने प्रश्नरूपाने काढली होती. अनुभवी कप्तानाच्या ठाम उत्तरापुढे ती विरून गेली. शार्लट लिंडे या भाषाभ्यासक विदुषीने १९८८ साली अपघातांपूर्वीच्या विमानकक्षांतील संभाषणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. कनिष्ठ माणूस वरिष्ठाशी अधिक सौम्य करून बोलतो, आणि जे सुचविणे अधिक सौम्य असते त्याची दखल घेतली न जाण्याचा संभव वाढतो, असे त्यातून दिसून आले.

शस्त्रक्रियागृहातील संघशिक्षणाने हाच धागा उचलला. स्टॅनफर्ड येथे डेव्हिड गाबा यांनी १९९० च्या सुमारास भूलतज्ज्ञांसाठी संकटप्रसंगांचे अनुकार सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ कलमांची शस्त्रक्रिया-सुरक्षा सूची प्रसृत केली. आठ देशांतील आठ रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीचे एक होते, ती लागू केल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. सूचीतील एक कलम असे की, छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे.

मुंबईच्या उपनगरांत या कलमाला विशेष अर्थ आहे. अंधेरी, बोरीवली, मुलुंड वा घाटकोपर येथील शस्त्रक्रियागृहात शल्यविशारद मराठी वा गुजराती, परिचारिका केरळची, वॉर्डबॉय कोकणातला वा उत्तरेकडचा असणे ही नित्याची गोष्ट आहे. तेथे 'सर' व 'मॅडम' असतात, 'सिस्टर' असते, आणि वॉर्डबॉयला 'मामा' व आयाबाईंना 'मावशी' म्हटले जाते. ही नात्याची नावे जिव्हाळा दर्शवितात हे खरे. पण त्यांनी माणसाचे नाव झाकले जाते, आणि बोलण्याची दिशाही ठरते. मामाला सर 'अरे' म्हणू शकतात. मामा सरांना 'थांबा' म्हणत नाही.

समजा, पोट शिवण्यापूर्वी कापसाच्या घड्यांची मोजणी जुळत नाही. "सर, एकदा परत मोजायचे का?" हा प्रश्न आहे, त्याला "नको" असे उत्तर मिळू शकते. "एक गॉज कमी आहे, शिवणे थांबवावे," हे विधान आहे. त्याला उत्तर कृतीनेच द्यावे लागते. दोहोंत आदर सारखाच राखता येतो. मराठीतील 'थांबावे' हे विध्यर्थी रूप विनय न सोडता निश्चयाने बोलण्यास पुरेसे समर्थ आहे. संख्यांचेही तसेच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत कानाला भेद थोडाच; एकाच संघात कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत आकडे बोलत असेल तर ऐकणाऱ्याने आकडा उलट म्हणून दाखविणे हाच उपाय. ही गोष्ट सांगून समजते, पण अंगी मुरावयास सराव लागतो; आणि त्याला आभासी चष्मा अपरिहार्य नाही. एक पुतळा, चालू घड्याळ व खरा संघ एवढ्यावर तो होतो.

५

वैद्यकीय महाविद्यालयांसाठी २०२० साली झालेल्या किमान निकषांत कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक ठरविण्यात आली. यंत्रे येतील, आणि त्यांनी हात घडतील यात शंका नाही. परंतु संघशिक्षणाचे संवाद परदेशी इंग्रजीत तयार मिळाले तर ते पाठ होतील. संकटाच्या क्षणी मात्र मावशी आपल्याच भाषेत बोलेल, अथवा बोलणारच नाही. म्हणून अनुकाराचे प्रसंग येथील मिश्र बोलीतच रचावे लागतील, त्यांचे ध्वनिमुद्रण करून कोणते वाक्य ऐकले गेले व कोणते वाया गेले हे तपासावे लागेल. हे काम वैद्यकाचे जितके आहे तितकेच भाषाशास्त्राचेही आहे. सुश्रुताने प्रत्येक कर्मासाठी त्याच्या जातीची वस्तू शोधली. वाणीच्या कर्मासाठी तशी वस्तू शोधणे अद्याप व्हावयाचे आहे, आणि ती या शहराच्या बोलण्यातच सापडेल.