व्हिडिओ अडकतो म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा शाळेत भेटायला आले. म्हणाले, "सर, मुलगी युट्यूबवर गणिताचे लेक्चर बघते, पण व्हिडिओ सारखा झटके खातो. दुकानदार म्हणतो, पंधरा हजारांचं ग्राफिक्स कार्ड टाका, चित्र पण भारी दिसेल. टाकू का?" मी म्हटलं, "भाई, जरा थांबा. आधी संगणक बघू."

हा प्रश्न अनेक घरांत आहे, म्हणून थोडे समजून घेऊ.

इंटरनेटवरचा व्हिडिओ दाबून, लहान करून पाठवलेला असतो. तो उलगडण्याचे काम मुख्य प्रोसेसर करतो किंवा ग्राफिक्स चिपमधला त्यासाठीच बनवलेला भाग करतो. पण या भागाला ठराविक फॉर्मॅटच कळतात. एच.२६४ हा २००३ सालचा फॉर्मॅट आज जवळपास सगळ्यांना कळतो. २०१८ साली आलेला एव्ही१ मात्र जुन्या चिपना कळत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा ओरडतो आणि चित्र अडकते.

इथे किंमत कामाला येत नाही. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०८० टीआय हे २०१७ चे अतिशय महाग कार्ड. त्यात एव्ही१ उलगडण्याची सोय नाही. इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती आहे. नवे कार्ड म्हणजे सोय असणारच, असेही नाही. एएमडीच्या २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये ती नाही, त्याच मालिकेतल्या आरएक्स ६६०० मध्ये आहे.

आता "चित्र भारी दिसेल" याबद्दल. एच.२६४ उलगडण्याची रीत नियमाने पक्की ठरलेली आहे. त्यामुळे स्वस्त असो की महाग, दोन्ही कार्डांतून तेच चित्र निघते. फरक पडतो तो लहान व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर ताणताना, जुनी टीव्ही रेकॉर्डिंग दाखवताना आणि रंगांच्या सेटिंगमध्ये. एचडीएमआयने टीव्ही जोडल्यावर काळा रंग राखाडी दिसत असेल, तर बहुतेक वेळा कार्ड ०–२५५ ऐवजी १६–२३५ या मर्यादेत रंग पाठवत असते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'फुल' निवडा. खर्च शून्य.

खरेदीआधी घरीच तपासा:

१. युट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. फॉर्मॅट आणि गळालेल्या फ्रेम्स दिसतील. फ्रेम्स गळत नाहीत, पण गोल चक्र फिरते, तर दोष इंटरनेटचा.

२. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा 'व्हिडिओ डीकोड' आलेख बघा. व्हिडिओ चालू असताना तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभराजवळ असेल, तर ग्राफिक्स चिप कामच करत नाही.

३. तसे असेल तर ब्राउझरमधले 'ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन' चालू करा, ड्रायव्हर अपडेट करा. तरीही जमत नसेल तर ७२० वर बघा. फळ्यावरचे गणित तेवढ्यात नीट वाचता येते.

गेम, थ्रीडी किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचे असेल तर कार्डाचा विचार जरूर करा. नुसते लेक्चर बघण्यासाठी आधी ही तपासणी करा.

त्या मुलीच्या संगणकात ते एक सेटिंग बंद होते, एवढेच. चालू केले आणि व्हिडिओ सुरळीत चालला. पंधरा हजार अब्बांनी तिच्या अकरावीच्या फीसाठी बाजूला ठेवले आहेत.