नगराची खरेदी व नगराची मोड

एखाद्या गृहिणीस मंडईंतून भाजी आणावयाची असते तेव्हां ती चार ठिकाणीं हिंडते, भाव काढते, घासाघीस करते आणि अखेर मनास येईल त्या माळणीकडून भाजी घेते. "हिच्याकडूनच कां घेतली?" असें तिला कोणी विचारीत नाहीं; विचारलेंच तर "रोजची ओळखीची आहे" एवढें उत्तर पुरतें. पैसा तिच्या घरचा असतो आणि फसगत झालीच तर ती घरापुरतीच होते. जुनीं लुगडीं बोहारणीस देतांनाहि हाच न्याय. दोन लुगड्यांना एक पातेलें मिळालें काय किंवा चार लुगड्यांना मिळालें काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्याचें सुखदुःख नसतें.

नगरपालिकेस मात्र अशी मोकळीक नाहीं. शाळांचीं बांकें, रस्त्यांवरचे दिवे, रुग्णालयांतील औषधें, नळाचे पाइप, कचऱ्याच्या मोटारी, कचेरींतील कागद व शाई, हें सर्व तिला सतत विकत घ्यावें लागतें. आणि कालांतरानें त्यांतील पुष्कळसें निकामी होऊन तिच्याच आवारांत गंजत पडतें. ज्या अधिकाऱ्याच्या सहीनें हा व्यवहार होतो त्याच्या पदरचा एक पैसाहि त्यांत गुंतलेला नसतो. आणि ज्यांचा पैसा गुंतलेला असतो ते करदाते त्या वेळीं तेथें हजर नसतात. सार्वजनिक खरेदीविक्रीचे सारे नियम या एका अडचणींतून निघाले आहेत. विद्यार्थिमित्रांस ते रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु मुंबई शहरापुरती त्यांच्यामागें एक मनोरंजक हकीकत आहे, ती आधीं सांगतों.

१८६५ सालच्या कायद्यानें मुंबईचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हातीं देण्यांत आला. 'जस्टिस ऑफ दि पीस' ही पदवी असलेल्या गृहस्थांची एक सभा त्यांच्यावर होती खरी, परंतु खर्चाच्या बाबतींत तिचा लगाम अगदींच ढिला होता. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे उत्साही व धडाडीचे गृहस्थ. गलिच्छ वस्त्या स्वच्छ करणें, गटारें सुधारणें, रस्ते बांधणें अशीं कामें त्यांनीं सपाट्यानें हातीं घेतलीं. ज्या मंडईस आज आपण महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतों आणि जुने लोक अद्यापि क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, ती त्यांच्याच कारकीर्दींत, १८६९ सालीं पुरी झाली. परंतु काळ वाईट होता. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, कापसाचे भाव कोसळले, आणि शेअरांच्या सट्ट्यानें फुगलेली मुंबई एका वर्षांत दिवाळखोर झाली. शहराची ऐपत घटली तरी खर्चाचा हात आखडला नाहीं. मंजुरीवांचून पैसा जाऊं लागला, कर वाढले, तिजोरी रिकामी झाली आणि १८७१ सालीं करदात्यांनीं मोठा गिल्ला केला.

त्या गडबडींत एका सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टरनें निराळाच सूर लावला. ते फिरोजशहा मेहता. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें निबंध वाचून त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, दोष एकट्या क्रॉफर्ड साहेबांच्या माथीं मारून भागणार नाहीं. दोष रचनेचा आहे. काम करणारा हात एकच व समर्थ असावा, पण त्याच्या हिशेबावर लोकांनीं निवडलेल्या सभासदांचा डोळा असावा. श्रोत्यांस हें त्या वेळीं रुचलें नाहीं. तथापि १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन व पैशावर देखरेख करणारी 'टाउन कौन्सिल' अस्तित्वांत आली, आणि १८८८ च्या कायद्यांत, ज्याच्या घडणींत मेहतांचा हात मोठा होता, त्याच कौन्सिलची स्थायी समिति झाली. मुंबईचा कारभार अद्यापि त्या १८८८ च्याच कायद्याखालीं चालतो. पुणें, सोलापूर, नाशिक वगैरे महानगरांस १९४९ चा कायदा लागू आहे. मला यांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, क्रॉफर्ड यांचीं कामें शहरास नको होतीं असें नव्हे. चांगल्या कामासाठींहि पैसा कसा खर्चावा यास रीत हवी, हा धडा मुंबईनें दिवाळें काढून घेतला.

ती रीत आतां पाहूं. पहिली गोष्ट, अंदाजपत्रकांत तरतूद नसेल तर फंडांतून पैसा देतां येत नाहीं. तरतूद आहे असें ठरलें म्हणजे ठराविक रकमेच्या वरच्या प्रत्येक खरेदीसाठीं वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निविदा, म्हणजे ज्यास लोक टेंडर म्हणतात तीं, मागवावीं लागतात. १८८८ च्या कायद्यानें ही जाहिरात करार होण्याच्या निदान सात दिवस आधीं दिली पाहिजे असें ठरविलें. रकमेची मर्यादा वेळोवेळीं वाढत आली, पण तत्त्व तेंच राहिलें. निविदा भरणारास बयाणा ठेवावा लागतो, तो यासाठीं कीं कोणी चेष्टेनें दर भरून ऐन वेळीं पळ काढूं नये. दर लखोट्यांत बंद असतात. बहुधा दोन लखोटे असतात: एकांत मालाचा दर्जा व पुरवठादाराची लायकी यांचे पुरावे, दुसऱ्यांत दर. पहिल्या लखोट्यांत जो उतरला त्याचाच दुसरा उघडावयाचा. हल्लीं हें काम संगणकावरून चालतें, आणि लखोटा ठरल्या घटकेपूर्वीं अधिकाऱ्यासहि उघडतां येऊं नये अशी त्याची योजना असते.

सर्वांत कमी दर भरणारासच काम दिलें पाहिजे, अशी समजूत पुष्कळांची असते. कायद्याचें म्हणणें तसें नाहीं. आयुक्तावर कोणतीहि निविदा स्वीकारण्याचें बंधन नाहीं; सर्व परिस्थिति पाहतां जी अधिक हितावह दिसेल ती त्यानें घ्यावी असें कलम आहे. स्वस्त बांक वर्षांत मोडलें तर तें महागच पडलें, हें आपल्या शाळेंतल्या मुलांस निराळें सांगावयास नको! मात्र कमी दर सोडून अधिक दर पत्करावयाचा तर त्याचें कारण लेखी नमूद झालें पाहिजे. निविदा न मागवितांच करार करावयाचा असला तर स्थायी समितीनें कारणें आपल्या कामकाजांत लिहून तशी परवानगी द्यावी लागते. पूर, अपघात, साथ असा आकस्मिक प्रसंग आला तर आयुक्तास तत्काळ उपाय योजतां येतो, पण त्याची खबर समितीस व महानगरपालिकेस ताबडतोब द्यावी लागते. मूळ कायद्यांत तर करारावर महानगरपालिकेची मोहोर उठवितांना स्थायी समितीचे दोन सभासद समक्ष असावेत व तशा त्यांनीं सह्या कराव्यात, अशी तरतूद आहे. नगरसेवकाचा अशा करारांत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग असेल तर त्याची जागाच जाते. नोकरांसहि असाच निर्बंध आहे.

एवढ्या कुंपणांतूनहि वाट काढणारे असतात, आणि त्यांच्या युक्त्या ठाऊक असलेल्या बऱ्या. पहिली युक्ति तुकडे पाडण्याची. समजा, तीन लाखांच्या वर निविदा हवी असा नियम आहे आणि नऊ लाखांचीं बांकें घ्यावयाचीं आहेत. तर अडीच अडीच लाखांच्या चार मागण्या निरनिराळ्या तारखांस काढावयाच्या व प्रत्येक वेळीं तीन ओळखीचीं दरपत्रकें जोडावयाचीं. यांत बांकें दहा लाखांस पडलीं तरी कागदावर नियम मोडलेला दिसत नाहीं! दुसरी, मालाचें वर्णनच असें लिहावयाचें कीं तें एकाच कारखान्याच्या मालास लागू पडावें. तिसरी, पुरवठादारांनीं आपसांत ठरवून पाळीपाळीनें एकानें कमी व इतरांनीं मुद्दाम अधिक दर भरावयाचे. २००२ च्या स्पर्धा कायद्यानें हें संगनमत निषिद्ध ठरविलें आहे. लेखापरीक्षक तारखा, रकमा व पुरवठादारांचीं नांवें शेजारीं शेजारीं मांडून पाहतो तो अशाच गोष्टी हुडकण्यासाठीं.

एकदां जाहीर केलेल्या अटी स्वतः जाहीर करणारासहि बांधतात कीं नाहीं? हा प्रश्न मुंबईच्याच एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. मुंबईच्या विमानतळावर उपाहारगृह चालविण्यासाठीं निविदा मागविण्यांत आल्या. निविदा भरणारा दुसऱ्या वर्गाचा नोंदलेला हॉटेलचालक असावा व त्यास निदान पांच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. ज्याची निविदा पत्करली गेली त्याची रक्कम सर्वांत मोठी होती, परंतु तो या अटींत बसत नव्हता. १९७९ सालीं न्यायमूर्ति भगवती यांनीं निकालांत म्हटलें कीं, सरकारी संस्थेनें जो दंडक स्वतः घालून दिला तो तिनें पाळलाच पाहिजे. विचार केला तर याचें मर्म ध्यानांत येतें. ती अट वाचून "आपण यांत बसत नाहीं" असें म्हणून जे घरीं बसले, त्यांच्यावर अन्याय झाला. अट नव्हतीच असें त्यांस आधीं कळतें तर त्यांनींहि दर भरला असता, आणि कदाचित् अधिकहि भरला असता. गंमत अशी कीं तक्रार घेऊन गेलेल्या गृहस्थांस या निकालांत कांहींच मिळालें नाहीं. त्यांनीं उशीर केला होता, आणि तोंवर उपाहारगृहावर बराच खर्च होऊन गेला होता. तत्त्व मात्र कायम झालें.

आतां मोडीकडे वळूं. खरेदीवर सर्वांचे डोळे असतात. मोडीवर कोणाचेच नसतात. जें निकामी झालें त्याची किंमत ती काय, असें म्हणून माणसें मान फिरवितात, आणि नेमकी तेथेंच चोरी सोपी होते. म्हणून वस्तु निकामी आहे हें ती वापरणारानें नव्हे, तर निराळ्या जाणत्यानें तपासून लिहावें लागतें. आपल्या शाळेंत जडवस्तूंची नोंदवही असते तशी तेथेंहि असते, आणि रीतसर मंजुरीनें निर्लेखन झाल्यावांचून मोडकी खुर्चीहि तींतून कमी होत नाहीं. एका खात्यास नको झालेली वस्तु दुसऱ्यास उपयोगी पडेल काय, हें आधीं पाहावें. नसेल तर जाणत्याकडून किमान बोली ठरवून जाहीर लिलाव करावा. तांबें, पितळ, लोखंड यांचे ढीग वेगवेगळे लावावे लागतात. कारण लोखंडाच्या ढिगांत तांब्याची तार दडली असेल तर ती लोखंडाच्या भावानें जाते. काट्यावर रिकामी गाडी आधीं तोलतात व भरलेली मागाहून. त्यांतहि लबाड माणूस रिकाम्या गाडींत दगड लपवून तिचें वजन वाढवितो आणि ते वाटेंत टाकून तेवढें लोखंड फुकट नेतो! म्हणून काट्याजवळ दोन माणसें उभीं करावींत, आणि पैसे पुरे भरल्यावांचून माल हलूं देऊं नये.

जमिनीची गोष्ट याहून नाजूक. १९४९ च्या कायद्याप्रमाणें महानगरपालिकेची स्थावर मिळकत चालू बाजारभावाहून कमी मोबदल्यास विकतां किंवा भाडेपट्ट्यानें देतां येत नाहीं. कांहीं वस्तु तर अधिक बोली बोलणाराससुद्धां सरसकट देतां येत नाहींत. जुने संगणक नोंदलेल्या पुनर्चक्रण संस्थेकडेच गेले पाहिजेत. १ एप्रिल २०२३ पासून महानगरपालिकांसह सर्व सरकारी संस्थांच्या पंधरा वर्षांवरील मोटारींची नोंदणी पुन्हां होत नाहीं. त्या नोंदलेल्या मोडकेंद्रांतच मोडाव्या लागतात.

मोटारींवरून आठवलें. १९३७ सालापासून मुंबईच्या रस्त्यांवर धांवणाऱ्या डिझेलच्या दुमजली बसगाड्यांपैकीं शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजीं अंधेरीस धांवली. लोकांनीं तिला हार घातले आणि एखाद दुसरी गाडी संग्रहालयांत ठेवावी अशी मागणी केली. हिशेबाच्या वहींत अशा गाडीची किंमत भंगाराच्या वजनाएवढीच असते. ज्या वस्तूशीं शहराची आठवण जडली आहे ती राखावयाची तर तसा ठराव लिलावाच्या आधीं व्हावयास हवा. लोखंड वितळल्यावर ठराव करून उपयोग नाहीं.

पालकांस हे व्यवहार प्रत्यक्ष पाहावयाचे असतील तर मार्ग मोकळा आहे. निविदांच्या व लिलावांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत नित्य येतात. त्याहून अधिक हवें असेल, जसें कोणाचा दर किती होता, कमी दर कां नाकारला, शाळेचीं जुनीं बांकें कोणास व काय भावानें दिलीं, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं दहा रुपये भरून साध्या कागदावर अर्ज करतां येतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणें त्या कचेरीस भाग असतें. माहिती कशासाठीं हवी, हें अर्जदारास सांगावें लागत नाहीं.